फटीतून येणारा समीर

सहा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून समीर या संशोधन संस्थेचे नाव तयार झाले आणि ते आपल्या भाषेत अर्थपूर्ण निघाले. समीर म्हणजे वारा. वारा भिंतीतून येत नाही. तो दाराखालच्या चिरेतून, खिडकीच्या नीट न बसलेल्या झडपेतून, कौलांच्या सांध्यांतून येतो. भिंत आणखी जाड केली म्हणून तो थांबत नाही. रेडिओतरंगांची चाल अशीच आहे. विद्युतचुंबकीय व्यत्यय अडवायचा तर उपकरणाभोवती वाहक पदार्थाची ढाल उभारावी लागते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ढाल निकामी होते ती पत्र्यामुळे क्वचित आणि सांध्यामुळे जवळजवळ नेहमी. (या व्यत्ययाची जगभर रुळलेली खूण म्हणजे ईएमआय. आपल्याकडे त्याचा पहिला अर्थ घराच्या कर्जाचा हप्ता होतो, त्याला इलाज नाही.) समीरचा चार दशकांचा इतिहास सांगताना रडार आणि कर्करोगावरच्या उपचारयंत्राचे नाव आधी येते, ते रास्तच आहे. या लेखाचे म्हणणे मात्र असे, की संस्थेचे सर्वांत टिकाऊ काम फट शोधण्याचे आणि मोजण्याचे आहे. ढालीसाठी दरवर्षी नवे पदार्थ पुढे येत असताना तर त्या कामाचे मोल वाढले आहे, कमी झालेले नाही.

सुरुवात १९७७ची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सूक्ष्मतरंगांवर चालणाऱ्या खास उपकरणांसाठी एक विभाग उघडला गेला. त्यातूनच १९८४मध्ये तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या छत्राखाली समीर ही स्वायत्त संस्था मुंबईत उभी राहिली आणि पुढे पवईला आयआयटीच्या आवारात स्थिरावली. हाती घेतलेली पहिली मोठी कामे पाहिली की संस्थेला ढालीचा विचार कोणी शिकवायची गरज नव्हती, हे ध्यानात येते. तिरुपतीजवळ गादंकी येथे वातावरणाच्या वरच्या थरांचा वेध घेणारे एमएसटी रडार समीरने उभारले. त्याचे १०२४ अँटेना मिळून ५३ मेगाहर्ट्झवर सुमारे अडीच मेगावॉटचा स्पंद आकाशात सोडतात आणि हवेच्या घनतेतल्या बारीकसारीक चढउतारांवरून परतणारा अतिक्षीण प्रतिध्वनी टिपतात. ही वारंवारता दूरदर्शनच्या तेव्हाच्या खालच्या पट्ट्यात मोडते. म्हणजे एकाच आवारात, एकाच वेळी, जोरात ओरडायचे आणि कुजबुज ऐकायची, तीही शेजारच्या गलबल्यात. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी बनवलेल्या ६ मेगाव्होल्टच्या रेषीय त्वरकातही तीच अडचण वेगळ्या रूपात आहे. असे एक यंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयात बसले. त्वरकातला मॅग्नेट्रॉन क्षणार्धासाठी मेगावॉटच्या घरातली शक्ती सोडतो, सेकंदाला शेकडो वेळा. आणि रुग्णाला नेमकी किती मात्रा गेली हे मोजणारा विद्युतप्रवाह त्याच खोलीत अत्यंत सूक्ष्म असतो. मोजणाऱ्या तारेत स्पंदाचा गोंगाट शिरला तर मात्रेचा आकडा खोटा ठरतो. अशा संस्थेला व्यत्यय हा पाठ्यपुस्तकातला धडा वाटणे शक्यच नव्हते.

पत्रा आणि सांधा यांतला फरक आकड्यांत मांडला की वादाला फार जागा उरत नाही. मायकेल फॅरडेने १८३६मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फुटांचा घनाकृती पिंजरा उभारला, तारेची जाळी व कथिलाचा वर्ख लावून तो वाहक केला आणि स्वतः आत बसून दाखवले, की बाहेर ठिणग्या उडत असताना आतल्या विद्युतमापीला त्याची खबरही लागत नाही. पुढे शंभर वर्षांनी बेल प्रयोगशाळेच्या शेल्कुनॉफने ढालीचा हिशेब तीन भागांत मांडला: पृष्ठभागावरून परतणारे, पदार्थात शोषले जाणारे आणि आतल्या आत पुन्हापुन्हा परावर्तित होणारे. या हिशेबाने एक गीगाहर्ट्झला तांब्यात तरंग जेमतेम २ मायक्रोमीटर खोल जातो. म्हणजे दशांश मिलिमीटर जाडीचा, कात्रीने कापता येईल असा तांब्याचा पत्रा नुसत्या शोषणाने ४०० डेसिबलहून अधिक क्षीणन देतो. डेसिबल ही घातांकी मोजपट्टी असल्याने या आकड्याची भव्यता चटकन जाणवत नाही. २० डेसिबल म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग आत आला, ६० म्हणजे दहा लाखावा. ४०० डेसिबल मोजू शकेल असे उपकरण पृथ्वीवर नाही. आता याच पत्र्याची पेटी करा आणि झाकणाच्या कडेला दोन स्क्रूंच्या मध्ये १० सेंटिमीटर लांबीची, केसाएवढी बारीक फट राहू द्या. त्याच एक गीगाहर्ट्झला, जिथे तरंगलांबी ३० सेंटिमीटर असते, ढालीची किंमत साडेतीन डेसिबलवर येते. जवळजवळ अर्धी शक्ती आत. फटीची रुंदी इथे जवळपास गौण आहे, लांबी निर्णायक; कारण अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ आलेली फट ही फट राहत नाही, ती अँटेना होते. फटीची लांबी १ सेंटिमीटरवर आणली तर साडेतेवीस डेसिबल मिळतात. यात तांबे बदललेले नाही, जाडी बदललेली नाही, फक्त एक स्क्रू कुठे बसवला ते बदलले.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन हेच रोज सांगत असतो. त्याच्या काचेमागच्या जाळीची भोके दीडदोन मिलिमीटरची, आणि आतला तरंग १२ सेंटिमीटरचा. तो त्या भोकांतून बाहेर पडूच शकत नाही. धोका दाराच्या कडेला असतो. तिथे धातूला धातू दाबून बसवणे वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून दाराच्या चौकटीत पाव तरंगलांबीची खोबण काढलेली असते आणि ती तरंगाला कडेपाशीच परतवते. पत्र्यावर कोणी विचार खर्च केलेला नाही. सगळी अक्कल सांध्यात घातली आहे.

मग मोजायचे कसे, हा प्रश्न उरतो, आणि या क्षेत्राचा खरा इतिहास त्याच प्रश्नाचा आहे. रेडिओ घरोघर पोचू लागला तेव्हा मोटारींच्या ठिणग्यांनी आणि घरगुती यंत्रांनी तो खरखरू लागला. १९३४मध्ये पॅरिसला या त्रासाची मोजणी एकसारखी व्हावी म्हणून आंतरराष्ट्रीय समिती बसली. सिस्पर या संक्षेपाने ती आजही नियम घालते. अमेरिकी सैन्याने १९५६मध्ये ढालबंद खोल्यांची परीक्षा कशी घ्यायची याचे मानक काढले. १९७९मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने संगणकांवर मर्यादा घातल्या. घरगुती संगणकापासून ३ मीटरवर, ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, क्षेत्राची तीव्रता प्रतिमीटर १०० मायक्रोव्होल्टच्या वर जाऊ नये. हा आकडा किती कडक आहे पाहा: ५० मेगाहर्ट्झला एक मीटर लांबीच्या केबलवरून नको असलेला केवळ ५ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहिला तरी मर्यादा ओलांडली जाते. युरोपाने १ जानेवारी १९९६पासून अशा अनुरूपतेशिवाय माल विकायला बंदी केली, तेव्हा हा विषय भारतीय कारखानदाराच्या दारात येऊन उभा राहिला. वैद्यकीय उपकरण असो, वजनकाटा असो की टेलिफोनची यंत्रणा, निर्यात करायची तर कागद हवा, आणि कागद हवा तर प्रयोगशाळा हवी.

समीरच्या चेन्नईच्या तारामणीतील विद्युतचुंबकीय केंद्राला या टप्प्यावर जे महत्त्व आले ते यामुळे. तिथल्या आणि पुढे मुंबईकडच्या कामाचे स्वरूप बाहेरून पाहणाऱ्याला नीरस वाटेल. उपकरण फिरत्या पाटावर ठेवायचे, समोर ठरलेल्या अंतरावर अँटेना एक ते चार मीटर वरखाली करायचा, पाट गोल फिरवायचा आणि प्रत्येक वारंवारतेला सर्वांत वाईट आकडा नोंदवायचा. चाचणीच्या खोलीच्या भिंती फेराइटच्या फरशा आणि कार्बन भरलेल्या फेसाच्या सुळक्यांनी मढवलेल्या, म्हणजे भिंतीवरून परतलेला तरंग मोजमापात भेसळ करणार नाही. (फेराइटची फरशी अवघी सहासात मिलिमीटर जाड असते, तरी कित्येक मीटर लांबीचे तरंग गिळते, खऱ्या अर्थाने प्रगत म्हणावा असा शोषक पदार्थ तोच, आणि तो गेल्या शतकातला आहे.) उपकरण पहिल्या फेरीत उत्तीर्ण झाले तर प्रयोगशाळेचे काम कारकुनी ठरते. पण अनेकदा ते नापास होते, आणि अभियांत्रिकी तिथून सुरू होते. झाकणावरचा रंग खरवडला की आलेख खाली येतो, म्हणजे रंगाने सांधा तोडला होता. केबल काढली की आलेख खाली येतो, म्हणजे गळती पेटीतून नव्हती, केबलच्या टोकाशी होती. इथली नेहमीची चूक कारागिरीची असते: केबलभोवतीची जाळी पेटीला चारही बाजूंनी घट्ट बसवण्याऐवजी तिची पाच सेंटिमीटरची शेपटी ओढून एका स्क्रूखाली दाबलेली असते. त्या शेपटीचे प्रेरकत्व सुमारे ५० नॅनोहेन्री. १०० मेगाहर्ट्झला तिचा अवरोध ३० ओमच्या वर जातो. महागडी ढालबंद केबल घेतली, आणि शेवटच्या पाच सेंटिमीटरने ती साधी तार करून टाकली. अशा गाठी सोडवण्यासाठी उपकरण बनवणाऱ्यांना सल्ला आणि प्रशिक्षण देणे हे समीरच्या कामाचे अंगच राहिले आहे.

आता पदार्थांकडे. १९७७ सालीच, ज्या वर्षी मुंबईत सूक्ष्मतरंग विभाग उघडला त्या वर्षी, वीज वाहणारे प्लास्टिक शक्य असल्याचे हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवले. त्यांना २०००चे नोबेल मिळाले. मग कार्बनच्या नलिका आल्या, ग्राफीन आले. २०११मध्ये अमेरिकेच्या ड्रेक्सेल विद्यापीठात टायटॅनियम आणि कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा, मॅक्सीन नावाचा वर्ग सापडला आणि २०१६मध्ये त्याच्या ४५ मायक्रोमीटर जाडीच्या फिल्मने ९२ डेसिबल क्षीणन दिल्याचे प्रसिद्ध झाले. केसाच्या जाडीच्या आतबाहेर असलेल्या, कागदासारख्या दुमडता येणाऱ्या फिल्मची ही कामगिरी थोर आहे यात शंका नाही. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत वाहक बहुलकांवर आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बहुलक-मिश्रणांवर या दिशेने बरेच काम झाले आहे.

मात्र हे आकडे कसे निघतात तेही पाहिले पाहिजे. असे मोजमाप बहुधा ८.२ ते १२.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आयताकृती तरंगनलिकेत होते. तिचे तोंड सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद, म्हणजे नमुना लहानशा टपाल तिकिटाएवढा. तो नलिकेच्या तोंडात चपखल बसवलेला असतो, चारही कडा धातूला टेकलेल्या. फट नाही, झाकण नाही, केबल नाही. पदार्थाचा गुण जाणायला ही रीत योग्यच आहे. गफलत होते ती तोच आकडा पेटीच्या नावावर खपवला जातो तेव्हा. दुसरी गफलत शब्दांची. अनेक शोधनिबंधांत नवा पदार्थ 'शोषणप्रधान' असल्याचे सांगितले जाते, म्हणजे तो तरंग परत फेकत नाही, पचवतो, आणि म्हणून शेजाऱ्याला त्रास देत नाही, असा भाव. हिशेब करून पाहू. समजा परावर्तनाचे १० डेसिबल आणि शोषणाचे ४०. शोषणाचा आकडा चौपट, म्हणून पदार्थ शोषणप्रधान ठरला. पण १० डेसिबलचे परावर्तन म्हणजे आलेल्या शंभर भागांतले नव्वद दारातूनच परत गेले. शोषणाचे ४० डेसिबल उरलेल्या दहा भागांना लागू होतात. नव्वद टक्के परत फेकणाऱ्याला पचवणारा म्हणणे ही भाषेची चलाखी नसेल, अनवधान असेल. पण ज्या अभियंत्याने त्या शब्दावर विसंबून पेटीच्या आतून हे अस्तर लावले त्याच्या पेटीत तरंग घुमतच राहतील. कुठला आकडा कुठे लागू होतो हे ठणकावून सांगायला मोजणी हाच ज्याचा धर्म आहे असा कोणीतरी लागतो.

यावर पहिला आक्षेप पदार्थशास्त्रज्ञाचा असेल, आणि तो वजनदार आहे. पत्रा फुकट आहे असे गृहीत धरून चालता येत नाही, तो म्हणेल. विमानात आणि उपग्रहात प्रत्येक ग्रॅमला किंमत असते. मोबाइलची पेटी प्लास्टिकची असते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत बॅटरी, इन्व्हर्टर आणि केबल सगळे तांब्यात गुंडाळले तर गाडी बॅटरीचेच वजन वाहील. पातळ, हलका, वाकणारा पदार्थ ही तिथली खरी गरज आहे. हे पूर्ण मान्य. किंबहुना त्यापुढे जाऊन म्हणता येईल, की सांधा हाही शेवटी पदार्थाचाच प्रश्न आहे. फट भरायला चांदीचे कण मिसळलेला सिलिकॉन रबर लागतो, बेरिलियम-तांब्याच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या लागतात. पण इथेच मोजणीचा मुद्दा अधिक धारदार होतो. अॅल्युमिनियमच्या पेटीला चांदीच्या कणांचे गॅस्केट लावले की दोन दूरच्या धातूंची जोडी जमते. त्यावर मुंबईची खारी, दमट हवा पडली की विद्युतरासायनिक गंज सुरू होतो आणि सांध्याचा रोध वाढत जातो. कारखान्यातून निघताना ८० डेसिबल देणारी पेटी कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर किती देईल, हे गॅस्केटच्या माहितीपत्रकात सापडत नाही. मॅक्सीनचेही दुखणे तेच: ओलसर हवेत ते हळूहळू ऑक्सिडाइझ होते आणि वाहकता गमावते. नव्या पदार्थाचा कैवार घेणाऱ्याला तर म्हातारपणीची मोजणी अधिक हवी, कारण तांब्याचे वागणे आपल्याला शतकभर माहीत आहे आणि मॅक्सीनचे अजून पुरते नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. मर्यादा सिस्परच्या, पद्धती परदेशी, यंत्रे बहुतांशी आयात. मग आकडा वाचून शिक्का मारणे याला संशोधन कसे म्हणायचे? आणि आता खासगी चाचणी प्रयोगशाळाही निघाल्या असताना सरकारी पैशाने हे का चालवायचे? पहिल्या भागाचे उत्तर असे, की मर्यादा आयात करता येते, परिस्थिती करता येत नाही. आपल्याकडचे अर्थिंग, विजेच्या दाबाचे हेलकावे आणि हवेतला ओलावा पॅरिसच्या समितीने ठरवलेले नाहीत. आणि मोजणीची विश्वसनीयता स्वतःच संशोधनाचा विषय आहे. एकच उपकरण दोन चांगल्या प्रयोगशाळांत नेले तर काही डेसिबलचा फरक निघतो. तो उपकरणाचा, अँटेनाचा, की खोलीचा, हे ठरवण्यासाठी ज्या शिस्तीने वर्षानुवर्षे काम करावे लागते त्याला दुसरे नाव नाही. दुसऱ्या भागाबाबत एवढेच, की खासगी प्रयोगशाळा चालू नियमाची चाचणी उत्तम करील. जो नियम अजून झालेला नाही, ज्या चाचणीला आज गिऱ्हाईक नाही, तिची तयारी ती का करील? विशाखापट्टणमला समीरने उभारलेले, जहाजे-विमानांसारख्या अवघ्या यंत्रणांवर विद्युतचुंबकीय वातावरणाचे परिणाम तपासणारे केंद्र या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देते.

आक्षेपातला एक अंश मात्र खोडून काढता येत नाही. चाचणीचा अहवाल गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. गोपनीयता ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची पहिली अट आहे. परिणामी कुठला सांधा कशाने तुटला, कोणते गॅस्केट किती वर्षांत मेले, कोणत्या शेपटीने कोणती केबल बुडवली, हे सगळे ज्ञान बंद फायलींत जमा होत राहते, देशातल्या सगळ्याच चाचणी प्रयोगशाळांत. नव्या पदार्थाचा ९२ डेसिबलचा आकडा जगभर पोचतो. झाकणावरचा रंग खरवडल्याने वाचलेले २० डेसिबल प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर जात नाहीत. नावे गाळून, उपकरणाचा प्रकार आणि दोषाचे कारण एवढेच ठेवून अशा नापासांचा संग्रह छापणे अशक्य नाही. कदाचित तोच या संस्थेचा सर्वांत वाचला जाणारा ग्रंथ ठरेल.

त्याची निकड वाढते आहे, कारण तरंग आखूड होत चालले आहेत. भारतात २०२२मध्ये ५जीसाठी लिलावात गेलेल्या २६ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्धी तरंगलांबी सहा मिलिमीटरहून कमी भरते. मोटारीच्या पुढच्या बंपरमागे बसणाऱ्या ७७ गीगाहर्ट्झच्या रडारसाठी ती दोन मिलिमीटरच्या आत आहे. १९८४मध्ये झाकणाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू लावून काम भागत होते. त्या हिशेबाने आता दोन स्क्रूंमध्ये जागाच उरत नाही, आणि गॅस्केटमधल्या चांदीच्या दोन कणांमधले अंतरही मोजण्यात धरावे लागणार आहे.